पारूबाईंचा डावा पाय

पारूबाईंची माझ्या डायरीतली पहिली नोंद अशी आहे : 'थंडी कमी. भांड्यांना नवी बाई आली. नाव पारू. बोलत नाही. टिकेल असं वाटत नाही.' यातलं नाव तेवढं बरोबर निघालं. पारूबाई भरपूर बोलतात आणि चोवीस वर्षं टिकल्या आहेत. 'थंडी कमी' हेसुद्धा चुकलं असणार, पण ते मला यंदा कळलं.

माझ्या लोखंडी कपाटात बासष्ट डायऱ्या आहेत. मिशनच्या शाळेत असताना सिस्टर बेनेडिक्टांनी लावलेली ही सवय. त्यांचा नियम होता, आधी तारीख, मग हवा, मग दिवसभरात काय घडलं, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, आपल्याला काय वाटलं. माझं अक्षर मोठं आहे. बासष्ट वर्षांत जागा फारशी उरली नाही.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, दातांचे डॉक्टर होते. औरंगपुऱ्यात दवाखाना आणि सिडकोत हे घर. घरामागे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा. पारूबाई कामाला लागून आठवडा झाला असेल, तेव्हा भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "बाई, ही जागा अशीच का ठिवली?"

"तिथे लॉन करायचं आहे."

"म्हंजी काय येतं त्यात?"

"गवत."

पारूबाईंचा हात थांबला. "इकत आणून?"

"हो."

"गवत. इकत आणून," असं त्या पातेल्याला म्हणाल्या आणि पुन्हा घासायला लागल्या. पुढच्या आठवड्यात त्या माहेरी जाऊन आल्या, त्या एक वाळलेला दोडका घेऊनच. माहेर कन्नडच्या पुढे, घाटाखाली. दोडका त्यांनी माझ्या कानाशी धरून खुळखुळवला. आत काळं बी होतं.

हा सारजाबाईंचा दोडका. सारजाबाई म्हणजे पारूबाईंची आई. वीतभर लांब, अंगाने जाड, शिरा मऊ, आणि कधीही कडू निघत नाही. बाजारातला दोडका चिरण्याआधी मी आजही चाखून बघते, याला तशी गरज पडली नाही. सारजाबाईंनी तो आयुष्यभर बांधावर लावला. त्या गेल्या आणि भावांनी बांध कोरून अद्रक आणि मका आणखी एका ओळीने वाढवला. दोडक्याला जागा उरली नाही. पारूबाई मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहतात, तिथे माती म्हणाल तर तुळशीएवढीही नाही. तेव्हा सारजाबाईंच्या दोडक्याचं पृथ्वीवर एकच ठिकाण उरलं, सिडकोतलं माझं न झालेलं लॉन. दर वर्षी लावायचा, एक फळ वेलावरच वाळू द्यायचं, ते घरात खुंटीला टांगायचं आणि पुढच्या वर्षी त्यातलं बी काढायचं. एक वर्ष चुकलं, उंदरांनी डाव साधला, की संपलं.

तो कधी लावायचा, हे अर्थात मी ठरवलं.

त्याचं कारण पुन्हा सिस्टर बेनेडिक्टा. दोन फेब्रुवारीला शाळेत मेणबत्त्यांचा सण असे. चॅपलमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद मिळाला की सिस्टर बियांची टोपलीही पुढे करत आणि त्याच दिवशी आम्ही मुली स्वयंपाकघरामागच्या वाफ्यात बी टाकत असू. सिस्टर कुठल्या तरी गारठलेल्या देशातून आलेल्या. दोडका हा शब्द त्यांना मरेपर्यंत उच्चारता आला नाही. त्या वाफ्यात पुढे काय उगवायचं, हे मला आठवत नाही. खरं म्हणजे यातच मला शंका यायला हवी होती. पण तारीख पक्की आठवत होती आणि पक्की तारीख सापडली की मी पुढचा विचार करत नाही.

तेव्हा दर वर्षी दोन फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता मी मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसे. अंगावर शाल, पायात लोकरी मोजे, मांडीवर डायरी. पारूबाई माझ्याकडे पाठ करून खुरपं घेऊन बसत. माती उकरली जाई, तांब्याने पाणी टाकलं जाई.

"झालं?" मी विचारी.

"व्हय बाई."

मग मी लिही : 'हवा : थंडी कमी. स. ९.१०. दोडका लावला.' आणि कोंब दिसला की ती तारीख लिही. अशी तेवीस वर्षांची माहिती माझ्याकडे जमली. पुस्तकात म्हटलंय की दोडका आठवड्याभरात उगवतो. आमचा एकोणीस ते सव्वीस दिवस घेई, सरासरी बावीस. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, आमची माती सुस्त आहे. महिला मंडळात मी यावर अर्धा तास बोलले. चार्ट केला होता. ढगाळ दिवस निळ्या शाईने, कोरडे लाल शाईने. मग शेतीविषयक एका साप्ताहिकाला पत्र पाठवलं, 'सिडको परिसरातील दोडक्याची उशिरा उगवण : एक निरीक्षण'. त्यांचं पोस्टकार्ड आलं, 'बियाणे तपासून घ्यावे.' मी ते डॉक्टरांना रागारागाने वाचून दाखवलं. डॉक्टर चहा पीत होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या आणि डायरीत लिहिलं : 'डॉक्टरांना ठसका. चहा फार गरम.'

डॉक्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. चहा गरम नव्हता.

गेल्या मेमध्ये पारूबाई भाचीच्या लग्नाला सिल्लोडला गेल्या, चार दिवस. वेल संपत आला होता, त्यावर शेवटचा एक दोडका मुद्दाम ठेवलेला होता. मी मागे गेले तर तो पिवळा पडत चाललेला. मला वाटलं, विसरला वाटतं, फुकट जाईल. मी तो तोडला आणि भाजी केली. चघळूनही तुटेना. डायरीत लिहिलं : 'दोडका जून. दाण्याचं कूट जास्त घालूनही उपयोग नाही.'

पारूबाई परत आल्या, वेलाशी गेल्या आणि तिथून ओरडल्या, "बाई, इथला दोडका कुठाय?"

"तो जून होत चालला होता हो. मी करून टाकला."

"करून टाकला म्हंजी?"

"भाजी."

त्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "बियाचा व्हता, बाई." त्यानंतर दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत. माझी पहिली नोंद एका दिवसापुरती खरी ठरली.

मुकुंदवाडीच्या खुंटीवर त्याच्या आदल्या वर्षीचा एक दोडका लटकत होता, उंदरांनी एका बाजूने कुरतडलेला. त्यात उरलं असेल तेवढंच बी आता जगात होतं.

यंदा जानेवारीत पारूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दोन-तीन महिने खाली बसायचं नाही. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी एक पुडी माझ्या हातात ठेवली.

"नऊ हायत. मोजून घ्या."

मी दोनदा मोजले. नऊच होते.

"या साली तुमालाच लावावं लागंल. पन मी सांगन तवा. त्याच्या आदी नाय. ऐकलं का, बाई?"

"ऐकलं."

ऐकलं होतं, खोटं नाही. पण मनात म्हटलं, ही बाई महिनाभर मुकुंदवाडीत खाटेवर पडून राहणार, गोळ्यांच्या गुंगीत. हिला काय कळणार सिडकोतली माती? माझ्याकडे तेवीस वर्षांच्या नोंदी आहेत. शिवाय मला भरपाई करायची होती. मी त्यांच्या आईचा दोडका दाण्याचं कूट घालून खाल्ला होता. मार्चमध्ये पारूबाई काठी टेकत येतील आणि मांडवावर गेलेला वेल बघतील, असं चित्र मी रंगवून ठेवलं होतं. त्या चित्रात मी शेजारी उभी होते आणि नम्रपणे 'त्यात काय एवढं' म्हणत होते.

दोन फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बी लावलं. डॉक्टरांची हत्यारं मी अजून ठेवली आहेत. दातातली कीड तपासायची बारीक सळई घेतली, तिच्यावर दोन सेंटिमीटरला लाल खूण केली आणि नऊ भोकं पाडली, एकसारखी, अगदी रांगेत. चिमट्याने एकेक बी सोडलं. दाढांच्या मागे बघायचा छोटा आरसा घेऊन प्रत्येक बी तळाला टेकलं की नाही ते बघितलं. ओट्यावरचा पारा अकरावर होता. माती हाताला गार लागते का, ते मला कळलं नाही, कारण मी डॉक्टरांचे रबरी हातमोजे घातले होते. डायरीत लिहिलं : 'हवा : थंडी कमी. स. ९.१०. दोडका लावला. स्वतः.' 'स्वतः'खाली दोन रेघा मारल्या.

तीन दिवसांनी रूपालीचा फोन आला. रूपाली म्हणजे पारूबाईंची सून. "काकू, आत्या विचारत्यात, बी नीट ठेवलंय ना?"

"अगदी नीट," मी म्हटलं. तसं ते नीटच होतं, दोन सेंटिमीटर खाली.

नऊ दिवस मी निवांत होते. सरासरी बावीस दिवसांची, त्यामुळे आत्ताच काही दिसायला नको, असा माझा हिशेब. अकरा तारखेला सकाळी एका खारीने पहिलं भोक उकरलं. मी हुसकायला गेले तर मातीवर काहीतरी काळपट पडलेलं. बोटाने दाबलं, पिचकलं. आतून आंबूस वास आला. मग मी दुसरं उकरलं. मग तिसरं. नवव्यापर्यंत जाताना सळई वापरायचंही भान राहिलं नाही, नखांनीच उकरलं. नऊच्या नऊ कुजले होते.

त्या दिवशीची नोंद आहे : 'हवा : ढगाळ. नऊ.' पुढे अख्खं पान रिकामं. सिस्टरांनी सांगितलेल्या शेवटच्या गोष्टीसाठी इतकी जागा मला कधीच मिळाली नव्हती, आणि मला काही लिहिता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मुकुंदवाडीला गेले. डॉक्टरांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये कुजकं बी, त्यावर झाकण. आणि पिशवीत पाच डायऱ्या. तेवीसही नेणार होते, पण रिक्षावाला बोळात शिरत नाही आणि पाचच झेपल्या. डायऱ्या कशाला? चूक माझी नाही, हे सिद्ध करायला. शहात्तर वर्षांची बाई, माफी मागायला निघालेली, सोबत पुरावे घेऊन.

पारूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पायांवर गोधडी. टीव्हीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्या बाजूला औषधांचा डबा.

"या बाई. रूपाली, खुर्ची दे बाईला. हे काय आनलं? दवाखान्यातनं आल्या का?"

मी झाकण काढलं. "पारूबाई, बी कुजलं."

त्यांनी एक बी चिमटीत घेऊन दाबलं. "कधी लावलं व्हतं?"

"दोन तारखेला."

"मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही सांगितलं नव्हतं हे खरं. पण हे बघा." मी डायऱ्या काढल्या आणि एकेक पान वाचून दाखवायला लागले. "दर वर्षी दोन फेब्रुवारी. दर वर्षी लावला आणि दर वर्षी उगवला. मग यंदाच का कुजला? मी तर दोन सेंटिमीटर मोजून लावलाय!"

पारूबाईंनी रूपालीकडे बघितलं. रूपालीने छताकडे बघितलं.

"बाई, रागावू नगा."

"नाही रागावत. सांगा."

"दोन तारखंला म्या कधी लावलाच नाय."

मला वाटलं, गोळ्यांची गुंगी असेल. "अहो, मी समोर बसलेली असायची!"

"मागं बसलेल्या असायच्या. मी माती उकरायची, पानी टाकायची. तुमी इचारलं, झालं? मी म्हनायची, व्हय. झालेलंच असायचं की. उकरून."

"आणि बी?"

पारूबाईंनी पदराचं टोक उचलून दाखवलं. "हितं. पंधरा दिसांनी टाकायची, जमीन निवळली की. तुमी काय मागं येता व्हय रोज?"

"तेवीस वर्षं?"

"पैल्या साली तेवढं टाकलं व्हतं तुमचं ऐकून. असंच कुजलं. गुपचूप दुसरं टाकलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की तवाच! म्हनलं, बाई, लई गार हाय अजून. तुमी म्हनल्या, थंडी कमी आहे, लिहिलंय मी."

रूपाली पाणी आणायला म्हणून आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा.

मी डायऱ्या मिटल्या. महिला मंडळ डोळ्यांसमोर आलं. निळी शाई, लाल शाई. अर्धा तास मी पारूबाईंच्या पदराच्या गाठीवर व्याख्यान दिलं होतं आणि शेवटी आभारप्रदर्शनही झालं होतं.

"साहेबाला ठावं व्हतं," पारूबाई हळूच म्हणाल्या.

"कुणाला?"

"डाक्टरसाहेबाला. एकदा चहा घिऊन मागं हुबे व्हते. मी बी गाठीत बांधताना बघितलं त्यांनी. मी म्हनलं, गेलं आता आपलं काम. तर साहेब म्हनले, पारूबाई, आमच्याकडं पन असंच आसतं. पेशंटला वाटतं दात आजच काढला पायजे. सूज उतरल्याबिगर आम्ही हात लावत नाय. तवर नुसतं तोंड उघडायला लावायचं आन् बघितल्यासारखं करायचं."

त्या डॉक्टरांसारख्या मान तिरकी करून बोलत होत्या.

"आन् म्हनले, बाईला सांगू नका. तिचं पान कोरं ऱ्हाईल."

त्या चहाचा मला आता नीट उलगडा होत होता. सहा वर्षांनंतरही आमच्या डॉक्टरांनी माझ्यावर पोटभर हसून घेतलं होतं, आणि या खेपेला पाठीत थापा मारायला ते हाताशी नव्हते.

"म्हणजे संपलं मग," शेवटी मी म्हटलं. "तुमच्या आईचा दोडका अर्धा मी खाल्ला आणि अर्धा कुजवला. मला माफ करा, पारूबाई. हे मला आल्या आल्या म्हणायचं होतं. वाटेत डायऱ्या आल्या."

पारूबाईंनी माझ्या ट्रेवर झाकण ठेवलं. मग हाक मारली, "रूपाली, उशी दे गं ती."

उशीच्या खोळीत हात घालून त्यांनी एक पुडी काढली आणि माझ्या ट्रेच्या शेजारी उघडली. काळे, कोरडे, चकचकीत. मी मोजले. नऊ.

"अठरा निघाले व्हते दोडक्यातनं."

"आणि मला नऊच दिलेत?"

"चोवीस वर्सं झाली, बाई. मी तुमाला वळखत नाय व्हय? ते नऊ तुमच्या वहीचे व्हते. हे माझ्या आयचे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी रूपालीने दिलेला गोड चहा तक्रार न करता प्यायले.

"पण मग तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं. "कधी टाकायचं ते?"

पारूबाई लाजल्या. चोवीस वर्षांत मी त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं. रूपालीच म्हणाली, "आत्याचे पाय, काकू."

"काय झालं पायांना?"

"पाहटं झोपेत पाय गोधडीच्या भाईर आले," पारूबाई म्हणाल्या, "की समजायचं जमिनीतली थंडी निघाली. तिथनं तिसऱ्या दिवशी बी. आयचं पन तसंच व्हतं. जागेपनी नाय हां कळत. झोपेतच पाय निघाला पायजे, आपसूक."

माझ्यातली सिस्टर बेनेडिक्टांची विद्यार्थिनी लगेच जागी झाली. "पण यंदा तुमचा उजवा पाय ऑपरेशनचा आहे."

"त्याचं काय खरं नाय. तो गुंगीत कुठं बी जातो. डावा बघायचा."

"मी माझेही बघते. दोन ठिकाणची नोंद असलेली बरी."

पारूबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. "तुमी मोजे घालून झोपता."

"हो. मग?"

"मंग तुमाला उन्हाळा जूनमदी कळंल."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे रूपाली सासूची गोधडी बघून मला मेसेज करायला लागली. माझ्या डायरीत त्या आठवड्याची पानं अशी आहेत :

'१३ फेब्रु. हवा : थंड. पा. डावा पाय : आत.

१४. आत.

१५. अंगठा बाहेर. धरायचा का? फोन केला. नाही धरायचा.

१६. डावा आत. उजवा बाहेर, तो बाद. मी मोज्यांशिवाय झोपले. सर्दी.

१७. आत, पण शंकास्पद. पा.चा मुलगा आकाश वाळूजहून रात्रपाळी करून आला आणि दार उघडं ठेवलं.

१८. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत बाहेर. रूपालीने फोटो पाठवला. पा. गाढ झोपेत.'

तो फोटो मी अजून पुसलेला नाही. हवेबद्दलचा इतका भरवशाचा पुरावा माझ्याकडे दुसरा नाही.

वीस तारखेला सकाळी रूपाली बी घेऊन आली. तिने मोबाइल समोर धरला, त्यात मुकुंदवाडीहून पारूबाई. रात्रभर कोमट पाण्यात ठेवलेलं बी ओल्या फडक्यात बांधलेलं होतं.

"ते हातमोजे काढा आधी," मोबाइलमधून आवाज आला.

मी काढले.

"ती दाताची काडी ठिवा बाजूला. बोटानं करा. पैल्या पेरापत्तर. आन् चपला काढा, बाई, कोन बघतंय?"

मी चपला काढल्या. मग मोजेही काढले. माती गार नव्हती. गिरणीतून दळण आणल्यावर तासाभराने डबा हाताला लागतो, तशी लागत होती. इतक्या वर्षांत ही माती माझ्या पायाला पहिल्यांदा लागली. चार्ट मात्र मी तिचा दोन रंगांत केला होता.

नववं बी टाकलं, माती सारखी केली, तांब्याने पाणी दिलं.

"झालं?" पारूबाईंनी विचारलं.

"व्हय, पारूबाई."

"पदर दाखवा."

"काय?"

"पदर दाखवा. गाठ नाय ना कुठं?"

मी पदर झटकून मोबाइलसमोर धरला. रूपाली इतकी हसली की मुकुंदवाडीतल्या पारूबाई आमच्या आभाळात गेल्या आणि परत आल्या.

सत्तावीसला सकाळी दोन ठिकाणी माती तडकलेली दिसली. दुपारपर्यंत तिथे वाकलेले कोंब होते. अठ्ठावीसला पाच झाले, दोन मार्चला सात. उरलेले दोन आले नाहीत. आमची माती सुस्त नव्हती. सात दिवसांत तिने काम केलं होतं, आणि ती दर वर्षीच सात-आठ दिवसांत करत आली असणार.

त्या आठवड्यात मी लाल पेन घेऊन जुन्या डायऱ्या काढून बसले. पहिल्या सालचं पान तेवढं खरं होतं, बाकीची बावीस दुरुस्त करायची होती. दुसऱ्या सालच्या पानावर 'दोडका लावला' खोडून 'माती उकरली' लिहिलं. असं करत करत 'डॉक्टरांना ठसका' आलं. ते पान तसंच ठेवलं. मग बाकीचीही ठेवली. महिला मंडळाला मात्र चिठ्ठी पाठवली की तो चार्ट भिंतीवरून काढावा. उत्तर आलं, तो तीन वर्षांपूर्वीच रंगरंगोटीच्या वेळी काढला होता.

एप्रिलच्या शेवटी पारूबाई काठी टेकत आल्या, रूपालीच्या हाताला धरून. वेल मांडवावर गेला होता. मी शेजारी उभी होते, पण 'त्यात काय एवढं' म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी काठीने एकेक दोडका हलवून पाहिला, एक पसंत केला आणि ब्लाउजच्या लाल चिंधीने त्याच्या देठाला गाठ मारली.

"हा आयचा. पिवळा पडू द्या, करपू द्या, वाळून खुळखुळू द्या. हात लावायचा नाय. लिवा वहीत."

मी आतून डायरी आणली आणि ओट्यावर बसून लिहिलं.

"रूपाली, वाच बरं काय लिवलंय."

रूपालीने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "सत्तावीस एप्रिल. हवा, कडक ऊन. लाल चिंधीच्या दोडक्याला हात लावायचा नाही."

"तारीख घातली ना?"

"घातलीय, आत्या."

"मंग ऱ्हाऊ द्या," पारूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत खुर्चीवर बसल्या. "तारीख घातली की बाई ऐकत्यात."

त्याखाली पानावर चार ओळींची जागा उरली होती. मी पेन उघडंच ठेवलं.

"आता आनखी काय लिवताय?" पारूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बघते, जमतंय का."